हवेतल्या शिशाचा माग

शिशाची विषबाधा झालेल्या माणसाचा हात ओळखायला डॉक्टरला फार वेळ लागत नाही. हात पुढे करायला सांगितला की मनगटापर्यंत तो सरळ राहतो आणि पुढचा पंजा मात्र देठ मोडलेल्या पानासारखा खाली लोंबतो. जोडीला हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ, पोटात उठणारी जीवघेणी कळ, दिवसेंदिवस न होणारे शौच आणि चेहऱ्यावर राखेसारखा फिकटपणा. १९१० साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात असे हात गरीब वस्त्यांमधून सापडत होते. ते बहुतेक पोलंड, इटली, बल्गेरिया अशा देशांतून पोटासाठी आलेल्या मजुरांचे होते. माणूस आजारी पडला की कारखान्याच्या हजेरीपटावरून त्याचे नाव जाई आणि दुसऱ्या दिवशी दारात उभा असलेला नवा मजूर त्याच्या जागी लागे. या आजारी माणसांची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात होत नव्हती. ती नोंद करायला एक बाई डॉक्टर घरोघर हिंडू लागली. तिचे नाव ॲलिस हॅमिल्टन, वय ४१.

आज कारखान्याच्या हवेत शिसे, बेंझिन, क्लोरीन किती असले तर चालेल याचे आकडे कायद्यात लिहिलेले असतात. एक घनमीटर हवेत इतके मिलिग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही. हा आकडा प्रयोगशाळेतून तयार होऊन आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो येण्याआधी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागल्या. एक, कामामुळे माणसे आजारी पडतात. आणि दोन, विष हातावाटे जाण्यापेक्षा श्वासावाटे जास्त जाते. आज या दोन्ही गोष्टी सरळ वाटतात. अमेरिकेत त्या पटवून देण्यात हॅमिल्टन यांच्या उमेदीची पंचवीस वर्षे गेली.

ॲलिसचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला आणि बालपण इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी गेले. घर खाऊनपिऊन सुखी. चार बहिणी आणि एक भाऊ. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवण्याची तिथली रीत होती. भाषा, इतिहास, साहित्य भरपूर आणि विज्ञान जवळजवळ शून्य. थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक पुराणकथांवरच्या पुस्तकांमुळे जगभर वाचली गेली. वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला आणि मुलींनी आपापल्या पायांवर उभे राहायचे ठरवले. ॲलिसने वैद्यकी निवडली, ती काही लहानपणापासूनच्या ओढीने नव्हे. डॉक्टर झाले की कुठेही जाता येईल आणि कुठेही उपयोगी पडता येईल, असा तिचा साधा हिशेब होता. विज्ञानाची बाजू कच्ची होती म्हणून गावातल्या एका शिक्षकाकडे आधी भौतिक आणि रसायनशास्त्र शिकून घेतले. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी तिला मिळाली.

रुग्ण तपासण्यापेक्षा त्यांना सूक्ष्मदर्शकाची जास्त गोडी. म्हणून १८९५ मध्ये त्या एडिथबरोबर जर्मनीला गेल्या. तिथल्या विद्यापीठांत बाईने वर्गात बसायचे तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने बसायचे, ही अट. ती पाळून त्या जीवाणुशास्त्र शिकल्या. परत आल्यावर वर्षभर जॉन्स हॉपकिन्समध्ये काम केले आणि १८९७ मध्ये शिकागोच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली. नोकरीपेक्षा महत्त्वाचे ठरले ते राहण्याचे ठिकाण. जेन ॲडम्स यांनी स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत हल हाऊस नावाची संस्था काढली होती. सुशिक्षित स्त्री-पुरुष तिथे येऊन वस्तीतच राहत आणि शेजाऱ्यांसाठी वर्ग, पाळणाघर, दवाखाना चालवत. डॉ. हॅमिल्टन तिथे राहायला गेल्या, त्या बावीस वर्षे राहिल्या. दिवसा प्रयोगशाळा आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या तान्ह्या मुलांना आंघोळ घालून तपासण्याचे केंद्र, असा त्यांचा दिनक्रम असे.

१९०२ मध्ये शिकागोत विषमज्वराची मोठी साथ आली आणि हल हाऊसच्या वस्तीत ती सर्वांत जास्त पसरली. डॉ. हॅमिल्टन यांनी उघड्या संडासांवरच्या आणि स्वयंपाकघरातल्या माश्या पकडल्या, त्यांच्यातून विषमज्वराचे जंतू वाढवून दाखवले आणि माश्यांमुळे साथ पसरली असा निबंध वाचला. त्याने खळबळ उडाली, आरोग्य खात्याची चौकशी लागली, त्यांचे नाव झाले. पुढे कळले ते असे, की पाणी उपसण्याच्या केंद्रात बिघाड होऊन तीन दिवस सांडपाणी थेट नळाच्या पाण्यात मिसळत होते आणि ही गोष्ट दाबून ठेवण्यात आली होती. माश्यांवर जंतू होते हे खरे, पण साथीचे मुख्य कारण माश्या नव्हत्या. ही चूक त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. पुराव्याच्या बाबतीत पुढे त्या इतक्या काटेकोर का झाल्या, याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

याच सुमारास त्यांच्या हाती सर थॉमस ऑलिव्हर यांचा धोकादायक उद्योगांवरचा इंग्रजी ग्रंथ पडला. इंग्लंड-जर्मनीत शिसे, फॉस्फरस, पारा यांनी होणाऱ्या आजारांवर कपाटेच्या कपाटे भरतील इतके लिहिलेले होते. तिथे कारखाने तपासणारे डॉक्टर होते, नियम होते. अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत मात्र या विषयावर फारसे काही सापडेना. विचारले की एक ठरलेले उत्तर मिळे. आमचे कारखाने नवे आणि स्वच्छ, आमच्या मजुरांना पगार जास्त, ते खातात-पितात चांगले, त्यामुळे असले आजार इकडे होत नाहीत. काड्यापेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसने जबड्याचे हाड सडते, तेही अमेरिकेत नाही असेच सगळे धरून चालले होते. जॉन अँड्र्यूज नावाच्या अभ्यासकाने शोध घेतला आणि दीडशेहून अधिक रुग्ण निघाले. कुणी पाहिलेच नव्हते, म्हणून ते नव्हते.

इलिनॉय राज्याने कामामुळे होणाऱ्या आजारांच्या पाहणीसाठी आयोग नेमला आणि १९१० मध्ये पाहणीचे काम डॉ. हॅमिल्टन यांच्यावर सोपवले. अमेरिकेतली अशा प्रकारची ही पहिली सरकारी पाहणी. शिशाचे उद्योग त्यांनी स्वतःकडे घेतले. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. मालकाने दार उघडले तर आत, नाही तर बाहेर. त्यांचे हत्यार एकच, सभ्यपणा. नीटनेटका पोशाख, शांत आवाज, घरंदाज बाईची रीत. मालकाला ही बाई भांडायला आली आहे असे वाटत नसे. त्या सगळे पाहून घेत, मग संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत जात, औषधाच्या दुकानदाराशी बोलत, पाद्र्याला आणि दारूच्या गुत्त्यावाल्याला विचारत, इस्पितळातली जुनी केसपेपरांची बाडे उलगडत.

एक प्रसंग त्यांच्या पद्धतीचा चांगला नमुना आहे. पोटशूळ आणि दोन्ही मनगटे लुळी पडलेला एक पोलिश मजूर त्यांना आढळला. तो आंघोळीच्या टबांना मुलामा देण्याचे काम करत असे. त्या कारखान्यात गेल्या. तिथे सारे आलबेल दिसले आणि मुलाम्यात शिसे नसतेच असे त्यांना सांगण्यात आले. त्या मजुराच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. त्यांना दाखवले ते केवळ शेवटचा हात फिरवण्याचे काम, मुलाम्याची भट्टी दुसरीकडेच होती. तिथे लालबुंद तापलेला लोखंडी टब भट्टीतून काढत आणि त्यावर चाळणीने मुलाम्याची भुकटी भुरभुरत. तापलेल्या धातूची धग, उडणारी पूड आणि त्या ढगात तोंड घालून धापा टाकत काम करणारा माणूस. भुकटीचा नमुना मिळवून तपासून घेतला, तर तीत शरीरात सहज विरघळणारे शिसे भरपूर निघाले.

अशा एक ना अनेक जागा. सिगार गुंडाळायचा चमकदार कागद, शवपेट्यांची सजावट, काचेच्या भांड्यांना चकाकी आणणे, छापखान्यातले खिळे, बॅटरीच्या पट्ट्या. शिसे कुठे असते याची यादी सत्तरहून अधिक कामांपर्यंत गेली. रुग्ण मोजताना त्यांचा नियम कडक असे. हिरडीवर रेघ स्पष्ट दिसली पाहिजे किंवा डॉक्टरने केलेले निश्चित निदान पाहिजे. नुसते पोट दुखते म्हणणारा मजूर मोजायचा नाही. इतके गाळूनही एकट्या इलिनॉयमध्ये पाचशेहून अधिक रुग्ण कागदावर आले. १९११ मध्ये राज्याने कायदा केला. शिशासारख्या विषारी पदार्थांत काम करणाऱ्यांची दरमहा वैद्यकीय तपासणी, बचावाची साधने आणि आजाराची सरकारला खबर, हे मालकावर बंधनकारक झाले.

मधेच सप्टेंबर १९१० मध्ये ब्रसेल्सला कामगारांच्या अपघात-आजारांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डॉ. हॅमिल्टन तिथे निबंध घेऊन गेल्या. तुमच्या देशात शिशाच्या कारखान्यात आजाराचे प्रमाण किती, कायदा काय, भरपाई किती, असे प्रश्न आले आणि एकाचेही उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. बेल्जियमच्या कामगार खात्याच्या डॉक्टरांनी तर अमेरिकेत हा विषयच नाही असे सांगून चर्चा आवरती घेतली. या फजितीचा एक फायदा झाला. अमेरिकेचे कामगार आयुक्त चार्ल्स नील सभागृहात होते. त्यांनी परतल्यावर डॉ. हॅमिल्टन यांना सगळ्या देशाची पाहणी करायला सांगितले. अटी मोठ्या मजेदार होत्या. पगार नाही, अधिकारपत्र नाही. कुठे जायचे ते त्यांनी ठरवायचे, आणि अहवाल पुरा झाला की सरकार तो विकत घेणार.

पहिला उद्योग निवडला तो सफेद्याचा. घरांना लावायच्या रंगात तेव्हा सफेदा, म्हणजे शिशाचे पांढरे संयुग, हाच मुख्य असे. तो करण्याची रीत फार जुनी. शिशाच्या चकत्या मडक्यांत आंबट द्रावणावर ठेवायच्या, मडक्यांचे थरावर थर लावून मधे झाडाच्या सालींचा भुगा भरायचा आणि खोली तीन-साडेतीन महिने बंद करायची. उष्णता आणि वाफेने शिशावर पांढरी खपली चढते. खोली उघडून ती खपली हाताने सोडवायची, दळायची, धुवायची, कढयांत वाळवायची आणि वाळलेली पूड फावड्याने पिंपांत भरायची. यातल्या प्रत्येक कोरड्या टप्प्याला पांढऱ्या धुळीचे लोट उठत. इंग्लंडमधल्या कारखान्यांत ही धूळ पाणी मारून, झाकून, पंख्यांनी ओढून घेऊन आटोक्यात ठेवत. तशाच आकाराच्या अमेरिकन कारखान्यात त्यांना कितीतरी पटींनी जास्त आजार दिसला.

इथे मुख्य वाद उभा राहिला. मालक, मुकादम आणि कारखान्याचे डॉक्टर, तिघांचेही म्हणणे एक. हे मजूर अडाणी, न धुतलेल्या हातांनी भाकरी खातात, नखांत शिसे साठते, शिवाय दारू पितात. आम्ही साबण ठेवला, नळ ठेवला, भिंतीवर सूचना लावल्या, आणखी काय करायचे? म्हणजे आजार झाला तर दोष मजुराचा. डॉ. हॅमिल्टन यांनी हात धुण्याला कधी कमी लेखले नाही. पण त्यांनी दाखवले असे, की आजार नखांच्या घाणीमागे जात नाही, धुळीमागे जातो. जिथे कोरडी पूड उडते किंवा वितळलेल्या शिशाचा धूर निघतो, तिथे स्वच्छ राहणारा मजूरही आजारी पडतो. ओल्या कामावरचा मात्र हात बरबटलेले असूनही पुष्कळदा वाचतो. शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने होते. प्रौढ माणसाच्या आतड्यात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्साच रक्तात शोषला जातो, बाकीचे शौचावाटे निघून जाते. फुप्फुसाच्या खोल भागात पोचलेल्या बारीक कणांतले शिसे मात्र बहुतेक सगळे रक्तात उतरते.

वरवर ही वैद्यकातली एक बारीकशी बाब आहे, पण तिने जबाबदारीची जागा बदलली. हात मजुराचे असतात. कारखान्यातली हवा मालकाची असते. मजूर हात धुऊ शकतो, श्वास घेणे थांबवू शकत नाही. हवाच दोषी म्हटल्यावर ती मोजता आली पाहिजे, आणि मोजता येते म्हटल्यावर तिला मर्यादाही घालता येते.

सगळेच मालक निर्ढावलेले नव्हते हेही त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश यांना त्यांनी तोंडावर सांगितले, की तुमची माणसे शिशाने आजारी पडत आहेत. ते रागावले. पुरावा आणा, मग तुम्ही सांगाल ते करतो, म्हणाले. डॉ. हॅमिल्टन यांनी इस्पितळात न्यावे लागलेल्या २२ मजुरांची कागदपत्रे पुढे ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ-धूर ओढून घेणारी यंत्रे बसवली, कारखान्यात डॉक्टर नेमले. त्यासाठी त्यांच्यावर कायद्याची सक्ती नव्हती. पण एका भल्या माणसाच्या शब्दावर देशभरचे मजूर सोपवता येत नाहीत, म्हणून पाहणी चालूच राहिली. मातीची भांडी, रंगारी, शिसे गाळण्याच्या भट्ट्या, छापखाने, बॅटऱ्या, एकेका उद्योगाचा अहवाल येत गेला.

पहिल्या महायुद्धात स्फोटके बनवणारे कारखाने रातोरात उभे राहिले. ते गुप्त असत. सरकारने पाहणी तर सांगितली, पण पत्ते द्यायला कुणी तयार नव्हते. डॉ. हॅमिल्टन रेल्वे स्थानकावर उतरत आणि आकाशात नारिंगी धूर कुठे दिसतो ते पाहत. तो नायट्रिक आम्लाचा विषारी धूर. रस्त्यात पिवळ्याधमक कातडीचे आणि केसांचे मजूर भेटले, की पिक्रिक आम्लाचा कारखाना जवळ आहे असे समजत. १९१७ च्या अहवालात दोन हजारांहून अधिक बाधितांची नोंद आहे. मागावरच निघायचे तर धुराचाही उपयोग होतो.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यकाच्या सहायक प्राध्यापक म्हणून बोलावले. या विषयात त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस देशात नव्हता, म्हणून नाइलाज. हार्वर्डच्या अध्यापकांत आलेली ही पहिली स्त्री. अटी तीन. अध्यापकांच्या क्लबात पाऊल ठेवायचे नाही, फुटबॉलच्या सामन्याची तिकिटे मागायची नाहीत आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. त्यांनी आपली एक अट घातली. वर्षातले सहा महिनेच शिकवीन, उरलेले सहा महिने पाहणीसाठी माझे. सोळा वर्षांनी, १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही त्या सहायक प्राध्यापकच होत्या. बढती नाही. विद्यापीठाच्या इतिहासातला हा भाग फारसा शोभेचा नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण प्रकल्पात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन, झटके येऊन मेले. तिथे टेट्राएथिल लेड तयार होत असे. हे द्रव पेट्रोलमध्ये घातले की इंजिनातली खटखट बंद होते. कातडीतून आणि वाफेतून ते शरीरात शिरते आणि सरळ मेंदूवर जाते. मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. एका बाजूला मोटार आणि तेल उद्योग, दुसरीकडे मोजके डॉक्टर. डॉ. हॅमिल्टन यांचे म्हणणे असे, की कारखान्यातला धोका कदाचित आवरता येईल, पण देशभर रस्त्यांवर शिशाचा धूर सोडला तर त्याला आवर घालणार कोण? जिथे शिसे तिथे आज ना उद्या विषबाधा, हा त्यांचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. नेमलेल्या समितीने काही महिन्यांत बंदीला पुरेसे कारण नाही असा निर्वाळा दिला आणि शिसेयुक्त पेट्रोल जगभर गेले. भारतात ते २००० साली बंद झाले, जगातल्या शेवटच्या पंपावर २०२१ मध्ये. या लढाईत त्या हरल्या आणि त्या हरण्याची किंमत पुढच्या तीन पिढ्यांच्या मुलांच्या मेंदूंनी मोजली.

त्याच १९२५ मध्ये त्यांचा औद्योगिक विषांवरचा ग्रंथ आला, अमेरिकेतला या विषयावरचा पहिला. घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुलींचे जबडे सडू लागले होते. त्यांची पाहणी करणाऱ्या हार्वर्डच्या संशोधकांचा अहवाल कंपनीने सरकारपुढे उलटा करून मांडला. डॉ. हॅमिल्टन यांनी ही लबाडी त्या संशोधकांच्या कानावर घातली आणि खरा अहवाल छापून आणण्याचा आग्रह धरला.

आता आकड्यांकडे. हवेतली धूळ शोषून मोजण्याची चांगली साधने १९२० च्या दशकात आली. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने बॅटरी कारखान्याच्या पाहणीवरून एक घनमीटर हवेत ०.१५ मिलिग्रॅम शिसे ही मर्यादा सुचवली. १९४६ मध्ये सरकारी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुमारे दीडशे पदार्थांची यादी काढली आणि पुढे अशा मर्यादांना थ्रेशोल्ड लिमिट व्हॅल्यू, म्हणजे उंबरठ्याचे मूल्य, हे नाव रूढ झाले. नाव ऐकून वाटते की उंबरठ्याच्या अलीकडे सगळे निर्धोक. तसे नसते. त्या काळच्या तपासण्यांना जो आजार दिसत होता, तेवढा टाळण्यापुरता तो आकडा असतो. तपासणी बारीक झाली, की आकडा खाली येतो. नकली रेशमाच्या कारखान्यात वापरला जाणारा कार्बन डायसल्फाइड घ्या. याच्या वाफेने माणसे वेडी होतात, पाय लुळे पडतात, हे निवृत्तीनंतर १९३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉ. हॅमिल्टन यांनी पुढाकार घेऊन दाखवून दिले. १९४१ मध्ये त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २० भाग ठरली. तीच तज्ज्ञ संघटना आज १ भाग म्हणते. अमेरिकेच्या कायद्यात मात्र अजून २० च आहे.

आपल्याकडे भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि हवेतल्या रसायनांच्या कमाल पातळ्यांचे परिशिष्ट त्यात आले. त्यात शिशापुढे आकडा लिहिला गेला तो ०.१५ मिलिग्रॅम. आठ तासांच्या पाळीत मजूर सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे मर्यादा पाळूनही दिवसाला दीड मिलिग्रॅम शिसे श्वासातून जाते. शिवाय अमेरिकेतल्या याद्या ४० तासांचा आठवडा धरून केलेल्या आहेत. आपल्या कायद्यातला आठवडा ४८ तासांचा. आणि घराच्या मागच्या अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्याला तर हा कुठलाच आकडा लागू होत नाही.

उतारवयात डॉ. हॅमिल्टन कनेक्टिकट राज्यात नदीकाठच्या हॅडलाइम गावी बहीण मार्गारेटसोबत राहिल्या. १९४३ मध्ये आत्मचरित्र आले. लिहिणे, पत्रे पाठवणे, बागकाम आणि पटत नाही तिथे सही करून विरोध नोंदवणे शेवटपर्यंत चालू होते. नव्वदी उलटल्यावरही व्हिएतनाममधून अमेरिकन सैन्य परत आणावे म्हणून त्यांनी जाहीर पत्रावर सही केली. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर १९७० रोजी, कामाच्या जागी सुरक्षितता आणि आरोग्य राखण्याचा अमेरिकेचा पहिला देशव्यापी सर्वसमावेशक कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने झाला. १९६८ ची तज्ज्ञांची यादी, सुमारे चारशे पदार्थांची, जवळपास जशीच्या तशी कायद्यात घेतली गेली. शिशासाठी आधी ०.२ मिलिग्रॅम हा वेगळ्या मानकातला सैल आकडा होता. १९७८ मध्ये तो ०.०५ वर आणला. त्याच नियमात आणखी एक कलम आहे. रक्तातले शिसे वाढलेल्या कामगाराला त्या कामावरून हलवायचे, आणि रक्त निवळेपर्यंत त्याचा पगार चालू ठेवायचा.